जेवणाच्या सुटीतील व्याख्यान : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या अंकात नागपुरातील एका अभियंता मंडळाविषयी छोटे टिपण छापले होते. या मंडळाचे सभासद महिन्यातून एकदा दुपारी आपापले डबे घेऊन एकत्र बसतात आणि त्यांच्यापैकी एक जण स्वतः केलेल्या एखाद्या कामाविषयी बोलतो, एवढाच त्या टिपणाचा विषय होता. त्यावर पुष्कळ पत्रे आली. काहींना असे मंडळ सुरू करायचे आहे, काहींचे सुरू होऊन रखडले आहे, तर काहींची तक्रार आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून आणि लेखकांची नावे न देता त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. उत्तरे देणाऱ्याची नोकरी पाटबंधाऱ्यांच्या कामांत गेली असल्यामुळे उदाहरणांत पाणी आणि काँक्रीट जास्त आढळल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे.

प्रश्न : आम्ही सिव्हिल लाइन्समधील निरनिराळ्या कार्यालयांत काम करणारे दहा-बारा अभियंते आहोत. दुपारच्या जेवणाच्या वेळी व्याख्यान ठेवावे असे काहींचे मत आहे, तर शनिवारी निवांतपणे दोन तासांचा कार्यक्रम करावा असे इतरांना वाटते. हिंगणा आणि बुटीबोरी येथील मित्रांनाही यायचे आहे. काय करावे? — एक सहायक अभियंता

उत्तर : वेळेचा प्रश्न आपण पहिल्यांदा विचारलात हे बरे झाले, कारण अशी मंडळे विषय संपले म्हणून सहसा बंद पडत नाहीत, ती घड्याळाशी जमले नाही म्हणून बंद पडतात. राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला तेव्हा कामाची वेळ सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा अशी ठरली आणि भोजनासाठी दुपारी एक ते दोनच्या दरम्यान जास्तीत जास्त अर्धा तास देण्यात आला. आपल्यापैकी जे शासकीय सेवेत आहेत त्यांच्या हाती एवढाच वेळ आहे, आणि ज्या कार्यक्रमासाठी सभासदाला वरिष्ठांची नजर चुकवून यावे लागते तो कार्यक्रम तीन-चार महिन्यांपलीकडे टिकत नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे : व्याख्यान वीस मिनिटांचे, प्रश्नोत्तरे दहा मिनिटांची, आणि जागा अशी की बहुतेकांना पायी पोहोचता येईल. डबा व्याख्यान ऐकत ऐकतच खावा. वक्त्याने त्याचा राग मानू नये. ज्यांच्या कार्यालयात सुटी मोठी आहे त्यांनी नंतर थांबून वक्त्याशी बोलावे, पण अधिकृत कार्यक्रम अर्ध्या तासात संपलाच पाहिजे. हे साधायचे असेल तर आपल्याकडील समारंभांची एक सवय निग्रहाने सोडावी लागेल. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल, श्रीफळ, अध्यक्षीय समारोप आणि आभारप्रदर्शन एवढे सारे केले तर अर्धा तास तेथेच संपतो आणि ज्यासाठी माणसे आली तो विषय उभ्या उभ्या उरकावा लागतो. वक्त्याचा परिचय निमंत्रणाच्या संदेशात चार ओळींत द्यावा. प्रत्यक्ष बैठकीत त्याचे नाव आणि कामाचे नाव एवढे पुरे.

हिंगणा आणि बुटीबोरी यांचा विचार मात्र वेगळा करावा लागेल. हिंगणा मार्गावरील लोकमान्य नगर स्थानकावरून मेट्रोने सीताबर्डीला येऊन, तेथे गाडी बदलून झिरो माइल किंवा कस्तुरचंद पार्क येथे उतरता येते हे खरे; पण कारखान्यात पाळीवर असलेल्या अभियंत्याला कामाच्या दिवशी हा फेरा परवडणारा नाही, आणि बुटीबोरीहून तर मुळीच नाही. अशा वेळी श्रोत्यांना फिरवण्यापेक्षा वक्त्याला फिरवावे. जे व्याख्यान सिव्हिल लाइन्समध्ये झाले तेच पुढच्या आठवड्यात हिंगण्याच्या एखाद्या कारखान्याच्या उपाहारगृहात व्हावे. दुसऱ्यांदा बोलताना वक्ताही अधिक नेमके बोलतो.

शनिवारचा दोन तासांचा कार्यक्रम मला व्याख्यानासाठी फारसा उपयोगाचा वाटत नाही. शनिवार राखून ठेवावा तो प्रत्यक्ष काम पाहण्यासाठी, कारण वर्षातून तीन-चार वेळा सर्वांनी मिळून साइटवर जाणे हे कोणत्याही व्याख्यानाने भरून निघत नाही.

प्रश्न : माझी मुले शाळेत आहेत. अभियंत्यांच्या संस्थांचे कार्यक्रम संध्याकाळी सात वाजता सुरू होतात आणि सुटीच्या दिवशी घरची कामे असतात, त्यामुळे पदवीनंतर मी एकाही तांत्रिक व्याख्यानाला जाऊ शकले नाही. दुपारच्या बैठकांचा विचार याही बाजूने व्हावा असे वाटते. — एक विद्युत अभियंता, मनीषनगर

उत्तर : दुपारच्या वेळेच्या बाजूने यापेक्षा भक्कम कारण मला सुचत नाही, आणि वरील पत्रलेखकांनी शनिवारचा हट्ट धरण्यापूर्वी आपले पत्र अवश्य वाचावे. एक सूचना मात्र मंडळांना करतो : बैठकीत चहाची, पानसुपारीची आणि हजेरीच्या वहीची जबाबदारी आपोआप महिला सभासदांकडे जाऊ देऊ नये. ती पाळीपाळीने सर्वांनी घ्यावी, आणि महिला सभासदांची नावे पहिल्या सहा महिन्यांच्या वक्त्यांच्या यादीत असावीत.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या पहिल्या दोन बैठका झाल्या. पहिलीत ‘राष्ट्र उभारणीत अभियंत्यांचे योगदान’ आणि दुसरीत ‘कृत्रिम बुद्धिमत्ता : संधी आणि आव्हाने’ हे विषय होते. दुसऱ्या बैठकीला निम्मी माणसे आली. विषय कसे निवडावेत? — मंडळाचे एक संयोजक

उत्तर : दोन्ही विषय असे आहेत की त्यांवर कोणीही बोलू शकतो, आणि ज्यावर कोणीही बोलू शकतो ते ऐकण्यासाठी जेवणाची सुटी कोण खर्च करील? जेवणाच्या वेळच्या व्याख्यानाचा विषय म्हणजे एक काम, आणि वक्ता म्हणजे ते काम केलेला माणूस. त्या कामात काय ठरवले होते, प्रत्यक्षात काय झाले आणि आकडे किती, एवढे वीस मिनिटांत सांगता येते.

नागपुरात अशा कामांना तोटा नाही. शहर दख्खनच्या अग्निजन्य खडकांच्या पूर्व सीमेवर वसले आहे. पश्चिमेकडे बेसॉल्ट आणि त्यावर काळी माती, पूर्वेकडे नाइस नावाचे फार जुने खडक, आणि उत्तरेकडे कामठीचा वालुकाश्म, ज्या थरांना भूशास्त्रात या गावाचेच नाव मिळाले आहे. एकाच शहरात पायाच्या तीन परी होतात. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी काळी माती ज्याने एकदा हाताळली आहे, त्याला अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगीर केलेले पायाचे खांब, का वापरले आणि किती खोल नेले, हे सांगायला स्लाइडचीही गरज पडणार नाही. वर्धा मार्गावरील ३.१४ किलोमीटरचा दुमजली मार्ग, ज्यात खाली रस्ता, मधे उड्डाणपूल आणि वर मेट्रो आहे, किंवा गड्डीगोदाम येथील रस्ता, रेल्वे, उड्डाणपूल आणि मेट्रो अशी चार थरांची रचना, यांवर वर्तमानपत्रांत पुष्कळ छापून आले. परंतु रेल्वेची वाहतूक चालू असताना वरचे लोखंडी काम कोणत्या क्रमाने बसवले, रात्री किती वेळाचा ब्लॉक मिळाला आणि त्या वेळात काय काय उरकले, हे त्या रात्री तेथे उभा असलेला अभियंताच सांगू शकेल.

पाण्याविषयी मी थोडे अधिक लिहितो. अंबाझरीचे मातीचे धरण १८७० मधले. शहराला पाणी पुरवण्यासाठी ते बांधले गेले. पुढे गोरेवाडा आणि त्यानंतर पेंच प्रकल्पाचे पाणी आल्यावर त्याचे ते काम मागे पडले. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलीमीटरहून अधिक पाऊस झाला, तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले; माणसे दगावली, आणि पुढे प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले. दोष कोणाचा, हे ठरवणे मंडळाचे काम नव्हे. मंडळासमोर यावेत ते प्रश्न निराळे आहेत : दीडशे वर्षांपूर्वी सांडव्याची वहनक्षमता कोणत्या पाणलोटाच्या आधारे धरली असेल, त्या पाणलोटात औद्योगिक वसाहत आणि नव्या वस्त्या आल्यावर तेवढ्याच पावसाचे पाणी किती लवकर तलावात पोहोचते, सांडव्याखालच्या पात्राची रुंदी आज ठिकठिकाणी किती उरली आहे, आणि सांडवा मोठा केला तर खालचे पात्र ते पाणी पेलेल काय. यांतील प्रत्येक प्रश्नावर एक स्वतंत्र दुपार सहज खर्च करता येईल, आणि त्यासाठी लागणारी आकडेमोड पदविका झालेल्या अभियंत्यालाही अवघड नाही.

दुसरे उदाहरण सांडपाण्याचे. भांडेवाडी येथे शुद्ध केलेले शहराचे सांडपाणी, दररोज शंभर दशलक्ष लिटरहून अधिक, कोराडी आणि खापरखेडा येथील वीज केंद्रांच्या कामी येते, म्हणजे तेवढे धरणाचे पाणी वाचते. महापालिका आणि वीजनिर्मिती कंपनी यांनी मिळून केलेले हे काम देशात इतरत्र अभ्यासासाठी पाहिले जाते. आपल्या मंडळांत मात्र त्यावर बोलणारा क्वचितच बोलावला जातो. शहरात १९५८ पासून काम करणारी आणि १९७४ पासून नीरी या नावाने ओळखली जाणारी पर्यावरण अभियांत्रिकीची संशोधन संस्था आहे, खाण खात्याचे आणि स्फोटक सुरक्षेचे केंद्रीय कार्यालय आहे, राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आहे, १९६० साली सुरू झालेले आणि विश्वेश्वरय्यांचे नाव धारण करणारे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. एवढे असताना मुंबई-पुण्याहून वक्ता आणण्यासाठी विमानाचे तिकीट काढण्याची गरज का पडावी, हे मला समजत नाही.

आणि मोठे प्रकल्पच हवेत असे नाही. मे महिन्यातील काँक्रीट हा एक विषय घ्या. हवेचे तापमान ४० अंशांपलीकडे गेले की भारतीय मानकाच्या दृष्टीने ते उष्ण हवेतील काँक्रीटकाम ठरते, आणि नागपुरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे जवळजवळ प्रत्येक काम या व्याख्येत बसते. काँक्रीटकामाचे भारतीय मानक आयएस ४५६ याच्या २००० सालच्या आवृत्तीनुसार साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटवर किमान सात दिवस आणि राख वा स्लॅग मिसळलेल्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान दहा दिवस पाणी मारत राहावे लागते. मात्र हवा कोरडी आणि उष्ण असेल तर हेच आकडे अनुक्रमे दहा आणि चौदा होतात. बाजारात आज मिळणाऱ्या पोत्यांपैकी बहुतेक राख मिसळलेल्या सिमेंटची असतात. म्हणजे नागपुरातील उन्हाळ्यात चौदा दिवस पाणी हवे. प्रत्यक्षात सातव्या दिवशी स्लॅबवर पाणी साठवण्यासाठी केलेली आळी मोडली जातात, गोणपाट दुसऱ्या साइटवर जाते आणि टँकरचा खर्च वाचला म्हणून सुपरवायझरची पाठ थोपटली जाते. आपल्या साइटवर आळी किती दिवस टिकली, पाणी कोठून आणले, रात्री स्लॅब टाकल्याने कामगारांना आणि काँक्रीटला काय फरक पडला, असे अनुभव चार जणांनी प्रत्येकी पाच मिनिटांत सांगितले तर तीही एक उत्तम बैठक होईल.

किंवा आपल्या घरोघरचा कूलर. दुपारी हवा ४४ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर वेट बल्ब तापमान, म्हणजे पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा जास्तीत जास्त जेवढी थंड होऊ शकते ते तापमान, साधारण २५ अंश येते, आणि ८० टक्के परिणामकारकता असलेला कूलर त्यामुळे २९ अंशांच्या आसपासची हवा देऊ शकतो. तोच कूलर जूनच्या अखेरीस का निरुपयोगी ठरतो, हे एका यंत्र अभियंत्याने फळ्यावर काढून दाखवावे. कोरड्या हवेचा हाच प्रश्न १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलपुढे उलट बाजूने उभा होता. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून जमशेटजी टाटांनी तेथे हवा दमट ठेवणारी यंत्रे बसवली.

सिमेंट रस्त्यांचा विषय मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण त्यावर सभा तापते. जुन्या वस्त्यांत रस्त्याची पातळी वाढत गेली आणि घरांची जोती खाली राहिली. पावसाचे पाणी अंगणात येते. या विषयावर बैठक घ्यायची तर जुना थर खरवडून काढण्याचा खर्च, गटारांचे उतार आणि पातळ्यांचे मोजमाप घेऊनच घ्यावी, नाही तर अर्धा तास केवळ तक्रारींत जाईल.

प्रश्न : मी शासकीय सेवेत कार्यकारी अभियंता आहे. माझ्या विभागाच्या एका कामावर बोलण्याचे निमंत्रण आले आहे. बोलता येईल का? — नागपूर विभागातील एक अधिकारी

उत्तर : महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ हे आपल्याला लागू आहेत. शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करणे आणि अधिकार नसताना कार्यालयीन कागदपत्रांतील माहिती बाहेर देणे यांस त्यांत मनाई आहे. निव्वळ शास्त्रीय स्वरूपाच्या लेखन-भाषणाकडे हे नियम बरेच उदारपणे पाहतात. तरीही लेखी परवानगी घ्यावी, हे माझे मत, आणि अर्जाला व्याख्यानाचा एका पानाचा गोषवारा जोडावा. परवानगी नाकारली जाण्यापेक्षा अर्ज टेबलावर पडून राहण्याचा संभव अधिक असतो, म्हणून तो महिनाभर आधी द्यावा.

ज्या कामाचा कंत्राटदाराशी वाद लवादापुढे वा न्यायालयात आहे, ज्याचे अंतिम देयक झालेले नाही, किंवा ज्याची चौकशी सुरू आहे, त्यावर बोलू नये. मंडळानेही तसा आग्रह धरू नये. पूर्ण होऊन काही वर्षे झालेले काम सर्वांत चांगले. एम.बी., म्हणजे कामाच्या मोजमापांचे पुस्तक, मिटलेले असते, माणसे मोकळेपणाने बोलतात आणि कामाने दोन-तीन पावसाळे पाहिलेले असल्यामुळे ते कसे टिकले हेही सांगता येते. निवृत्त अभियंत्यांना बोलवावे ते याच कारणासाठी. फक्त त्यांना वीस मिनिटांची मर्यादा आधी दोनदा सांगावी, आणि निवृत्तांपैकीच एक असल्यामुळे हे मी निःसंकोचपणे लिहितो आहे.

प्रश्न : आमच्या मंडळात काही महिन्यांपासून जेवणाचा खर्च कंपन्या करतात. जेवण उत्तम असते, पण व्याख्यान म्हणजे त्या कंपनीच्या मालाची जाहिरात असते. मी आक्षेप घेतला तेव्हा, ‘फुकट जेवण मिळते आहे, तुम्हाला काय अडचण?’ असे उत्तर मिळाले. — एक ज्येष्ठ सभासद, रामदासपेठ

उत्तर : ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी, हे आपल्या पूर्वजांनी उगीच म्हटलेले नाही. अडचण अशी आहे की त्या खोलीत बसलेल्यांपैकी काही जण उद्या एस्टिमेट करणार आहेत, काही जण टेंडरच्या अटी लिहिणार आहेत आणि काही जण साइटवर आलेला माल तपासून घेणार आहेत. त्यांनी आज त्याच मालाच्या विक्रेत्याचे जेवण घेतले आहे, ही गोष्ट शासकीय सेवेतील सभासदांच्या बाबतीत केवळ औचित्याची राहत नाही. वर्तणूक नियमांत भेटी आणि पाहुणचार स्वीकारण्याविषयीही तरतुदी आहेत.

कंपनीतील अभियंत्यांना बोलवूच नये, असे मी म्हणणार नाही. काँक्रीटमधील मिश्रके, पाइपांचे सांधे, पंप, रिले यांविषयी त्यांच्याइतकी तपशीलवार माहिती इतरांना नसते. मात्र त्यांना तीन अटी घालाव्यात. जेवण प्रत्येकाने आपले आणावे किंवा मंडळाच्या वर्गणीतून व्हावे. मालाचे नाव पहिल्या स्लाइडवर एकदाच यावे. आणि त्यांचा माल जेथे अपेक्षेप्रमाणे चालला नाही असे एक तरी काम त्यांनी कारणांसह सांगावे. तिसरी अट ऐकून जो येण्याचे टाळतो, त्याला पुन्हा बोलवू नये.

आपले मंडळ ऐकत नसेल तर आपण स्वतः पुढच्या बैठकीत आपला डबा घेऊन जावे. दोघे-चौघे तसे करू लागले की विषय आपोआप चर्चेला येईल.

प्रश्न : वक्ते इंग्रजीत बोलतात. आम्ही पदविकाधारक, शाखा अभियंते आणि सुपरवायझर मागच्या रांगेत गप्प बसतो. — एक शाखा अभियंता, काटोल

उत्तर : वक्त्याने साइटवर ज्या भाषेत सूचना दिल्या त्याच भाषेत व्याख्यान द्यावे. मध्य प्रांताची आणि पुढे १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी राहिलेल्या या शहरात ती भाषा मराठी असेल किंवा हिंदी असेल, आणि पुष्कळदा एकाच वाक्यात दोन्ही असतील; त्याने काही बिघडत नाही. बीम, कॉलम, फीडर, सेंटरिंग हे शब्द आहेत तसेच राहू द्यावेत. आकडे आणि आकृत्या फळ्यावर काढल्या तर त्या सर्वांना कळतात. वक्ता खरोखरच परप्रांतीय असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा प्रश्न मराठीतून विचारण्याची मुभा संयोजकाने आरंभीच जाहीर करावी.

आपण मागच्या रांगेत बसता हेही मला मान्य नाही. मुकादमाशी रोज बोलणारा, पाणी मारले की नाही हे पाहणारा आणि लोखंडाची जाळी मोजणारा माणूस आपण आहात, आणि अभियंता मंडळात जे प्रश्न यायला हवेत त्यांपैकी निम्मे तरी आपल्याकडे आहेत.

प्रश्न : जेवणात काय असावे? — एक उत्सुक वाचक

उत्तर : पोळी-भाजी, वरण-भात, ताक. नागपूरकरांची नाराजी पत्करून सांगतो की व्याख्यानाच्या दिवशी सावजी रस्सा ठेवू नये. तो खाऊन वीस मिनिटे जागे राहिलेला श्रोता मी अजून पाहिलेला नाही, आणि पाटोडी रश्श्याचाही परिणाम फार वेगळा नसतो.

प्रश्न : मंडळाची नोंदणी करावी लागते का? वर्गणी घ्यावी का? — तीन पत्रांतील समान प्रश्न

उत्तर : डबे घेऊन एकत्र बसण्यासाठी कोणतीही नोंदणी लागत नाही, आणि पहिले वर्षभर ती करूही नये. घटना, पदाधिकारी आणि निवडणूक यांत उत्साह खर्च झाला की व्याख्यानांसाठी तो उरत नाही. पुढे बँकेत खाते उघडायचे असेल, देणग्या घ्यायच्या असतील किंवा सभागृहासाठी करार करायचा असेल, तेव्हा संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात सभासदांची संस्था नोंदवता येते. महाराष्ट्रात अशा संस्थेची सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदणी करावी लागते आणि दोन्ही कामे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होतात. त्यानंतर दरवर्षी हिशेब तपासून सादर करणे आणि पदाधिकारी बदलले की बदल अर्ज देणे हे ओघानेच आले, आणि ते न केल्यामुळे अडकून पडलेल्या संस्था थोड्या नाहीत.

याला एक पर्याय आहे. १९२० साली स्थापन झालेल्या आणि १९३५ साली राजसनद मिळालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स या अखिल भारतीय संस्थेचे स्थानिक केंद्र नागपुरात आहे. आपल्यापैकी काही जण तिचे सभासद असतील तर त्यांच्यामार्फत केंद्राला विचारून पाहावे. वर्गणी घ्यायचीच असेल तर चहा, फळा आणि खडू यांपुरती घ्यावी.

प्रश्न : व्याख्यान संपले की प्रश्न कोणी विचारत नाही. संयोजक म्हणून मलाच दर वेळी एक प्रश्न विचारावा लागतो. — एक संयोजक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : खोलीत वरिष्ठ आणि कनिष्ठ एकत्र बसलेले असले की कनिष्ठ बोलत नाहीत आणि वरिष्ठांना आपले अज्ञान दिसू नये असे वाटते. पहिला प्रश्न सर्वांत कमी नोकरी झालेल्या सभासदाने विचारावा असा प्रघात पाडावा, आणि त्याची कल्पना त्याला आदल्या दिवशी द्यावी. वक्त्यालाही एक विनंती करावी : कामात जो निर्णय घेताना त्याची सर्वांत जास्त ओढाताण झाली, तेथे त्याने व्याख्यान थांबवावे, हाती असलेले आकडे फळ्यावर लिहावेत आणि श्रोत्यांना ‘आपण काय केले असते?’ असे विचारावे. स्वतः काय केले हे त्याने चार उत्तरे ऐकल्यावरच सांगावे. यासाठी वीसपैकी पाच मिनिटे गेली तरी चालतील.

प्रश्न : मे महिन्यातील उन्हात आणि डिसेंबरातील अधिवेशनाच्या काळात बैठका बंद ठेवाव्यात का? — एक सभासद, बजाजनगर

उत्तर : मे महिन्यात बंद ठेवू नयेत. नाहीतरी त्या दिवसांत दुपारी एक ते चार साइटवरचे काम थंडावलेले असते आणि माणसे कार्यालयात सापडतात. खोलीत कूलर आणि माठ असला की झाले. शिवाय पावसाळ्यापूर्वीच्या कामांविषयी, म्हणजे नाल्यांची सफाई, धरणांच्या पिचिंगची (दगडी अस्तराची) दुरुस्ती आणि ट्रान्सफॉर्मरची देखभाल यांविषयी बोलायचे ते मे महिन्यातच; जुलैमध्ये त्याचा उपयोग नाही.

डिसेंबरचे मात्र वेगळे. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन येथे भरते. त्या काळात सार्वजनिक बांधकाम विभागाचे अभियंते रवी भवन, नाग भवन आणि आमदार निवास यांच्या व्यवस्थेत असतात, तर इतर विभागांचे अभियंते तारांकित प्रश्नांची उत्तरे तयार करण्यात. दुपारची सुटी तर राहोच, रात्रीचे जेवणही वेळेवर होत नाही. ती बैठक रद्द करायची ती ऑक्टोबरमध्येच जाहीर करावी, आणि जानेवारीचा वक्ताही त्याच वेळी ठरवून ठेवावा, कारण एक बैठक चुकली आणि पुढची तारीख ठरलेली नसली की मार्च उजाडतो, आणि मार्चमध्ये आर्थिक वर्ष संपत असल्यामुळे देयकांखेरीज दुसरा विषय कोणालाच सुचत नाही.